सात मीटर दोन सेंटिमीटर

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार-रविवार आला की जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅम मंडळींची, झोप उडते. ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही त्यांची मोठी स्पर्धा त्या दोन दिवसांत रंगते. सलग ४८ तासांत जास्तीत जास्त देशांतल्या जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधायचा आणि प्रत्येकाची नोंद ठेवायची, असा हा खेळ. एखाद्या क्लबाने त्यात उतरायचे ठरवले की गच्चीवर दोन अँटेना उभ्या राहतात आणि खालच्या खोलीत दोन रेडिओ शेजारी शेजारी मांडले जातात. एक ४० मीटरच्या पट्ट्यात, ७ मेगाहर्ट्झच्या आसपास. दुसरा २० मीटरच्या पट्ट्यात, १४ मेगाहर्ट्झच्या आसपास. पट्टे वेगळे, अँटेना वेगळ्या. तरीही पहिल्याने माइकचे बटण दाबले की दुसऱ्याच्या कानात खरखर सुरू होते आणि ब्राझीलहून येणारा क्षीण आवाज त्यात बुडून जातो.

यामागचे कारण साध्या गुणाकारात आहे. कोणताही ट्रान्समीटर फक्त ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सीवरच ऊर्जा सोडत नाही. तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट फ्रिक्वेन्सीवरही थोडी थोडी ऊर्जा बाहेर पडते. या पटींना हार्मोनिक म्हणतात. ७.०५ मेगाहर्ट्झची दुप्पट १४.१, आणि १४.१ नेमकी शेजारच्या रेडिओच्या अंगणात येते. चांगल्या रेडिओत ही गळती मूळ शक्तीच्या दहा हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असते, दूरच्या श्रोत्याला ती जाणवतही नाही. पण वीस-पंचवीस मीटरवरच्या दुसऱ्या अँटेनाला तेवढी पुरते. त्यातच हॅम लोकांना मिळालेले मुख्य पट्टे एकमेकांच्या पटीतले आहेत: ३.५, ७, १४, २८. शिवाय २१ हा ७ च्या तिप्पट. म्हणजे एका छपराखाली दोन रेडिओ लावले की हा तंटा ठरलेलाच.

तो सोडवायला बाजारात तयार फिल्टर मिळतात. चांगले असतात आणि महागही असतात. पण दुसरा एक उपाय हॅम मंडळी कित्येक दशके वापरत आली आहेत. कोॲक्सियल केबलचा एक तुकडा घ्यायचा, त्याचे एक टोक ‘टी’ कनेक्टरने रेडिओ आणि अँटेना यांच्यामधल्या वाटेला जोडायचे आणि दुसरे टोक आतल्या आत शॉर्ट करून सोडून द्यायचे. तो तुकडा कुठेच जात नाही. बाजूला नुसता वेटोळे होऊन पडून राहतो. त्याला स्टब म्हणतात. नेहमीच्या आरजी-२१३ केबलचा ४० मीटर पट्ट्यासाठीचा स्टब सुमारे ७ मीटर २ सेंटिमीटर भरतो. एवढ्या तुकड्याने १४.१ मेगाहर्ट्झवरची गळती २८ डेसिबलच्या आसपास दबते, म्हणजे आधीच्या सहाशेव्या हिश्श्याहूनही कमी उरते. आणि ७.०५ वरच्या मूळ प्रक्षेपणाला त्याचा धक्का जवळजवळ लागत नाही.

कुठेच न जाणारी केबल हे करते तरी कसे?

भिंतीतल्या कडीला बांधलेल्या लांब दोरीला हाताने एक झटका द्यावा. लाट पुढे धावते, कडीवर आपटते आणि उलटी होऊन परत येते. स्टबमध्येही हेच घडते. टीपाशी आलेल्या लहरीचा काही भाग स्टबमध्ये शिरतो, शॉर्ट केलेल्या टोकावर आपटून उलटा होतो आणि परततो. तो परत येईपर्यंत मूळ लहर कुठल्या टप्प्यावर पोहोचली आहे, यावर सगळे ठरते. स्टबची लांबी ७.०५ मेगाहर्ट्झच्या तरंगलांबीच्या बरोबर एक चतुर्थांश असेल, तर परतलेली लहर मूळ लहरीच्या सुरात सूर मिळवते. टीपाशी जणू काही जोडलेलेच नाही, अशी स्थिती होते. पण १४.१ मेगाहर्ट्झची लहर निम्म्या लांबीची. तिच्यासाठी तोच तुकडा अर्ध्या तरंगलांबीचा ठरतो. परतलेली लहर आता मूळ लहरीच्या नेमकी उलट असते, दोघी एकमेकींना खोडतात आणि पलीकडच्या टोकाचा शॉर्ट जसाच्या तसा टीपाशी उमटतो. १४.१ ची ऊर्जा अँटेनापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही.

आता त्याच तुकड्याचे शॉर्ट केलेले टोक मोकळे करावे. सगळे उलटते. ७.०५ वर टीपाशी शॉर्ट दिसतो आणि १४.१ ला मोकळी वाट मिळते. म्हणजे हाच तुकडा आता शेजारच्या २० मीटरच्या रेडिओला लावता येतो. तिथे तो ४० मीटरवाल्याचा जोरदार मूळ सिग्नल अडवतो. नाहीतर त्या जोरानेच रिसीव्हरचे पुढचे सर्किट गुदमरते. एकाच लांबीचे दोन तुकडे, एकाचे टोक बंद, दुसऱ्याचे उघडे, आणि दोन रेडिओंमधले भांडण दोन्ही बाजूंनी मिटते.

२१ मेगाहर्ट्झची गोष्ट याहून रंजक आहे. ७.०५ ची तिप्पट २१.१५. आपला बंद टोकाचा स्टब तिथे पाऊण तरंगलांबीचा होतो आणि काहीच अडवत नाही. पण त्याच ७ मीटर २ सेंटिमीटरचे एकास दोन या प्रमाणात दोन तुकडे करावेत: २ मीटर ३४ सेंटिमीटरचा एक, त्याचे टोक उघडे; ४ मीटर ६८ सेंटिमीटरचा दुसरा, त्याचे टोक बंद. दोन्ही एकाच ठिकाणी जोडले की २१.१५ वर पहिला पाव तरंगलांबीचा आणि दुसरा अर्ध्या तरंगलांबीचा ठरतो, म्हणून दोघेही तिथे शॉर्ट दाखवतात. ७.०५ वर मात्र एक कपॅसिटरसारखा वागतो, दुसरा तेवढ्याच मापाच्या कॉइलसारखा, आणि दोघांचा परिणाम एकमेकांत जिरतो. शाळेतल्या त्रिकोणमितीने हे कागदावर सिद्ध करता येते. ३० अंशांचा कोटॅन्जंट आणि ६० अंशांचा टॅन्जंट सारखाच असतो, एवढेच त्यामागचे गणित. कॉलेजातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना ट्रान्समिशन लाइनचा धडा शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

सिद्धांत इथे संपतो. खरी कसोटी पुढे आहे, ती मोजण्याची आणि कापण्याची.

प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. मोकळ्या हवेत ७.०५ मेगाहर्ट्झच्या लहरीची चतुर्थांश लांबी १० मीटर ६३ सेंटिमीटर येते. पण केबलमध्ये लहर मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यामधल्या प्लास्टिकमधून जाते आणि तिचा वेग मंदावतो. प्रकाशवेगाचा जितका हिस्सा उरतो, त्याला व्हेलॉसिटी फॅक्टर म्हणतात. आरजी-५८ आणि आरजी-२१३ मध्ये भरीव पॉलिथिलीन असते. त्यांचा फॅक्टर ०.६६. म्हणून १०.६३ चे ७.०२ झाले. फोम भरलेल्या केबलमध्ये प्लास्टिकबरोबर हवेचे बुडबुडे असल्याने लहर जास्त वेगाने धावते. डिश टीव्हीच्या आरजी-६ मध्ये हा फॅक्टर ०.८० पासून ०.८५ पर्यंत कुठेही असू शकतो.

गोम आहे ती या आकड्यांतच. कंपनीच्या कागदावर छापलेला फॅक्टर हा ढोबळ आकडा असतो. भरीव केबलच्या एखाद्या बंडलात तो ०.६५ निघाला तर स्टब ६ मीटर ९१ सेंटिमीटरचा व्हायला हवा, ०.६७ निघाला तर ७ मीटर १२ सेंटिमीटरचा. एकवीस सेंटिमीटरचा फरक! फोमच्या केबलमध्ये तर ८ मीटर ५० पासून ९ मीटर ४ सेंटिमीटरपर्यंत काहीही होऊ शकते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत सुटी केबल मीटरवर विकत मिळते. तिच्यावर आरजी-५८ छापलेले असते, पण आत कोणत्या प्रतीचे प्लास्टिक आहे हे नुसत्या नजरेने कळत नाही. सूत्रावर विसंबून कापलेला स्टब बहुधा चुकतो, तो यामुळे.

चूक किती महागात पडते? १४ मेगाहर्ट्झवर लांबीतला एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे २० किलोहर्ट्झ. आरजी-२१३ च्या स्टबची नेमक्या बिंदूवर २८ डेसिबलची अडवणूक असेल, तर १०० किलोहर्ट्झ बाजूला ती २५ वर येते आणि २०० किलोहर्ट्झ बाजूला २१ वर. म्हणजे लांबीत १० सेंटिमीटर चुकले तर ७ डेसिबल गेले. ३० सेंटिमीटर चुकले तर हाती जेमतेम १२ डेसिबल उरतात. स्पर्धा बोलण्याची आहे की मोर्सची, हेही म्हणूनच आधी पाहावे लागते. २० मीटरच्या पट्ट्यात मोर्सची जागा १४.० च्या लगत आहे, तर बोलण्याची १४.१ च्या वर. केबलची निवडही याच हिशेबात बसते. बारीक आरजी-५८ मध्ये ऊर्जा जास्त वाया जाते, त्यामुळे तिचा शॉर्ट तितका पक्का उमटत नाही आणि अडवणूक २२ डेसिबलच्या आसपास थांबते. जाड केबलसाठी मोजलेले जास्तीचे पैसे इथे सार्थकी लागतात.

मोजायची कल्पना रेडिओइतकीच जुनी आहे. १८९० च्या सुमारास ऑस्ट्रियाचे अर्न्स्ट लेखर यांनी दोन समांतर तारांवर धातूची आडवी पट्टी सरकवत नेऊन विद्युत लहरींची लांबी मोजली. ब्रिटनच्या ऑलिव्हर हेविसाइड यांनी तर त्याआधीच, १८८० मध्ये, कोॲक्सियल रचनेचे पेटंट घेतले होते. पुढे १९३९ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या फिलिप स्मिथ यांनी केबलच्या लांबीचा आणि तिच्या परिणामाचा हिशेब एका वर्तुळाकार आलेखावर आणला. तो स्मिथ चार्ट आजही अभियांत्रिकीचे विद्यार्थी गिरवतात. हौशी माणसाच्या टेबलावर मात्र अचूक मापन पोहोचायला पुढे ऐंशी वर्षे लागली. व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनलायझर हे यंत्र प्रयोगशाळांचे, लाखांच्या घरातले. एका जपानी हौशी तंत्रज्ञाने त्याची छोटी आवृत्ती तयार करून आराखडा सर्वांसाठी खुला केला, आणि २०१९ पासून ‘नॅनोव्हीएनए’ या नावाने ती तळहातावर मावेल एवढ्या आकारात, काही हजार रुपयांत मिळू लागली. स्टबच्या बाबतीत गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा बदल हाच.

काम असे चालते. केबल हिशेबापेक्षा २० सेंटिमीटर जास्त घ्यायची आणि एका टोकाला कनेक्टर आधीच सोल्डर करून टाकायचा. स्पर्धेच्या दिवशी जो टी वापरायचा, तोच मोजतानाही वापरायचा, कारण कनेक्टर आणि टी यांची लांबीही स्टबमध्ये धरली जाते. नॅनोव्हीएनए आधी कॅलिब्रेट करायचा. त्याच्यासोबत येणारे ओपन, शॉर्ट आणि ५० ओहमचे तीन तुकडे त्यासाठीच असतात. मग यंत्राच्या एका पोर्टकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटेत टी बसवायचा आणि टीला स्टब लावायचा. पडद्यावरची रेघ सपाट जाता जाता एका ठिकाणी खोल बुडी मारते. ती बुडी जिथे दिसते, ती स्टबची खरी फ्रिक्वेन्सी.

बंद टोकाच्या स्टबला दर वेळी सोल्डर लावून मोजणे वेळखाऊ असते. जुने हॅम इथे टाचणी वापरतात. टोकाजवळ केबलमध्ये टाचणी आरपार खुपसायची, म्हणजे ती जाळी आणि मधली तार या दोघींना टेकते आणि तिथेच शॉर्ट तयार होतो. बुडी हव्या त्या जागेच्या खाली दिसली तर टाचणी थोडी आत, कनेक्टरच्या दिशेने खुपसायची. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी लेखर यांनी पट्टी सरकवली, तसेच हे. सुरुवात नेहमी बाहेरच्या टोकाकडून करावी, म्हणजे भोके पडलेला भाग शेवटी कापून टाकता येतो.

उरलेले काम त्रैराशिकाचे. समजा केबल ७ मीटर २१ सेंटिमीटर आहे आणि बुडी १३.७२ मेगाहर्ट्झवर दिसते. ७.२१ ला १३.७२ ने गुणून १४.१ ने भागले की ७.०२ येते. व्हेलॉसिटी फॅक्टर ठाऊक असण्याची गरजच उरली नाही. केबलने स्वतःच सांगितला. तरी एकदम १९ सेंटिमीटर कापू नयेत. आधी १२ कापावेत, पुन्हा मोजावे, मग उरलेले. नेमकी जागा सापडली की शॉर्टच्या पलीकडे दीड सेंटिमीटर शिल्लक ठेवून कापायचे, जाळी मागे सारून तेवढे प्लास्टिक सोलायचे, जाळी मधल्या तारेभोवती पिळून सोल्डर करायची आणि गार झाल्यावर शेवटचे मोजमाप घ्यायचे. सोल्डरिंगच्या उष्णतेने प्लास्टिक मऊ पडते, फोम तर लगेच वितळतो. म्हणून गार होईपर्यंत धीर धरावा. वर हीट-श्रिंक नळी चढवली की ओल आत शिरत नाही.

उघड्या टोकाच्या स्टबला तेवढीच काळजी लागते, वेगळ्या कारणाने. तो प्रक्षेपण करणाऱ्या रेडिओला लावलेला असेल तर त्याच्या उघड्या टोकाशी व्होल्टेज उंचावलेले असते. ४०० वॉटला सुमारे २०० व्होल्टचे शिखर येते. जाळीचा एखादा केस मधल्या तारेला चाटून गेला तरी ठिणगी पडेल. टोक स्वच्छ कापून, जाळी दोन-चार मिलिमीटर मागे घेऊन ते नीट बंद करावे. वेटोळे करायला मात्र हरकत नाही. सारा खेळ जाळीच्या आत चालतो, त्यामुळे केबल गुंडाळल्याने काही बिघडत नाही. फक्त फार घट्ट वळवू नये, विशेषतः फोमची.

स्टबच्या मर्यादाही जाणून घ्यायला हव्यात. ४० मीटरचा स्टब अडकवलेला असताना त्याच रेडिओवर २० मीटरचा पट्टा लावला, तर रेडिओपुढे थेट शॉर्ट उभा राहतो. म्हणून प्रत्येक स्टबवर पट्टा, लांबी आणि उघडे की बंद, हे ठळक लिहिलेले असावे. एक स्टब पुरला नाही तर दोन लावता येतात, पण दोन्ही एकाच टीवर लावून फारसा फायदा होत नाही. त्यांच्यामध्ये अडवायच्या लहरीच्या चतुर्थांश लांबीची, म्हणजे इथे साडेतीन मीटरची, केबल ठेवली तर दोघांची मिळून अडवणूक बेरजेपेक्षाही थोडी जास्त भरते. आणि एक सावधगिरी अशी की, शेजारचा रेडिओ प्रक्षेपण करत असताना नॅनोव्हीएनए कोणत्याही अँटेनाला जोडू नये. त्या नाजूक यंत्राचे पुढचे भाग क्षणात जळतात.

हे सारे फक्त स्पर्धेपुरते नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हॅमचा एक चमू पोर्ट ब्लेअरमध्ये रेडिओ चालवत होता. २६ तारखेला त्सुनामी आली, नेहमीचे संपर्क तुटले आणि त्याच रेडिओंवरून अंदमानची खबर बाहेर जाऊ लागली. आपत्तीत एका तंबूत दोन-तीन रेडिओ वेगवेगळ्या पट्ट्यांवर एकाच वेळी चालवण्याची वेळ येऊ शकते. तिथे महागडा फिल्टर हाताशी असेलच असे नाही. केबल, कटर आणि सोल्डर मात्र असतात.

प्रक्षेपणासाठी परवाना लागतो. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा त्यासाठी द्यावी लागते. पण परवाना नसलेल्यांनाही स्टबची गंमत ऐकता येते. हल्ली अनेक विद्यार्थी यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर घेऊन १४५.८ मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाचा आवाज पकडायचा प्रयत्न करतात. शहरात एफएम केंद्रांच्या जोरापुढे तो रिसीव्हर हतबल होतो. मुंबई-पुण्यात ९८.३ मेगाहर्ट्झवरचे केंद्र त्रास देत असेल, तर उघड्या टोकाचा आरजी-५८ चा स्टब हिशेबाने ५० सेंटिमीटरचा येतो. तो त्या केंद्राला तीस डेसिबलच्या आसपास दाबतो आणि १४५.८ वर जेमतेम एक डेसिबल खातो. इथे एक सेंटिमीटर म्हणजे २ मेगाहर्ट्झ, आणि कनेक्टर व टीच तीन-चार सेंटिमीटर खातात. म्हणून ५५ सेंटिमीटरने सुरुवात करून अर्धा-अर्धा सेंटिमीटर कापत जावे. नॅनोव्हीएनए नसेल तर रिसीव्हरच्या पडद्यावरचा ९८.३ चा उंच सुळका पाहत कापावे. तो सर्वांत बुटका होईल तिथे थांबावे आणि ती लांबी केबलवर लिहून ठेवावी.